जहाजाच्या डब्यावर बोली

चष्मेवाला दोनच कामं मनापासून करायचा. लोकांचे नंबर काढणं आणि पत्र्याचे जुने डबे जमवणं. पहिल्यावर घर चालायचं, दुसऱ्यावर बायकोचं तोंड.

डबे म्हणजे बिस्किटांचे, चहाचे, तंबाखूचे, खोकल्याच्या गोळ्यांचे. ज्या कंपन्या कधीच बुडाल्या आणि ज्यांचा माल खाणारेही त्यांच्या मागोमाग गेले, त्यांचे. पूर्वी तो भंगारवाल्यांच्या दारात हात काळे करत फिरायचा. मग ऑनलाइन लिलाव सुरू झाले आणि भंगार आपल्या पायांनी घरी चालत यायला लागलं. बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. तिच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा तिच्या पायाशी. "लग्नाच्या वेळी घरातही असा एक बसवून घ्यायला हवा होता," असं ती प्रत्येक पार्सलच्या वेळी म्हणायची.

ज्याच्यावरून पुढचं सगळं रामायण झालं तो जहाजाचा डबा. लांबट गोल, बिजागरीचं झाकण, झाकणावर वादळात सापडलेलं जहाज आणि डेकवर सात खलाशी. एरवी असले डबे पैशाला पासरी. पण छपाईच्या एका खेपेत सातव्या खलाशाचं डोकंच छापायचं राहून गेलं होतं. गडी दोर धरून उभा, धडावर काही नाही, तरी कामावर हजर. तो बिनडोक खलाशी चष्मेवाल्यानं आजवर फक्त फोटोत पाहिला होता. परक्या बाईकडे बघू नये इतक्या आशेनं पाहिला होता.

आणि एका दुपारी तो लिलावात आला. 'घर रिकामं करताना मिळालेला डबा. आत थोडा भुगा आहे. माल जसा आहे तसा.' विकणाऱ्याला खलाशाचा पत्ताच नव्हता. त्यानं फोटोही असा काढला होता की डोकं नसल्याचं कळायला डोकं लागावं.

लिलाव संपायची वेळ नेमकी दुकान चालू असताना आली. खुर्चीत गॅस एजन्सीवाले गृहस्थ बसले होते. नाकावर तपासणीची जड फ्रेम, तोंड भिंतीवरच्या अक्षरांकडे. चष्मेवाला त्यांच्या मागे, हातात काच, आणि काचांच्या पेटीआड फोन.

"हे बरं दिसतं की हे?"

"मघाचं बरं होतं."

"आणि आता?"

"आता तुम्ही काच बदललीच नाहीत."

समोर एकच बोलीवाला उरला होता. नाव लावलं होतं 'शिट्टी'. चष्मेवाल्यानं आकडा चढवला की शिट्टी लगेच त्याच्यावर चढे. चष्मेवाल्याच्या डोळ्यांसमोर एक गुबगुबीत, अंगठ्या घातलेला, बापाच्या पैशावर डबे जमवणारा माणूस उभा राहिला. "मर मेल्या," तो पुटपुटला.

"कोण?" गॅसवाल्यांनी विचारलं.

"शेवटची ओळ वाचा."

"मला वरची ओळ दिसत नाहीये आणि तुम्ही शेवटची वाचायला सांगताय!"

शेवटच्या क्षणी चष्मेवाल्यानं असा आकडा घातला, की तो बायकोला सांगताना त्यातलं एक शून्य गिळावं लागणार होतं. तो श्वास धरून थांबला. शिट्टी वाजलीच नाही. डबा त्याचा झाला. आनंदाच्या भरात त्यानं गॅसवाल्यांना चष्म्यात सूट दिली आणि डाव्या डोळ्याची काच उजवीकडे लिहिली. ते गृहस्थ पुढे तणतणत परत आले, पण ते असो.

पार्सल आलं त्या दिवशी त्यानं ते जेवणाच्या टेबलावर मांडून कात्रीनं एखादी शस्त्रक्रिया करावी तसं उघडलं. खलाशी होता. डोकं नव्हतं. चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. झाकण उघडलं तर आत निम्म्याच्या वर राखाडी भुगा.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"अगं, बिस्किटांचा चुरा! मूळ बिस्किटांचा! झाकण इतकं घट्ट बसतं ना, म्हणून टिकलाय. मूळ मालासकट डबा म्हणजे तुला कळत नाही काय चीज आहे ती." असं म्हणून त्यानं बोटाचं टोक भुग्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.

"कसा लागतो?"

त्यानं जाणत्यासारखी मान हलवली. "अळणी आहे. त्या काळी साखर कमी घालत असतील."

तो हात धुवायला गेला. बायकोच्या ओट्यावर सकाळपासून दुधाचं करपलेलं पातेलं पडलं होतं. घासून घासून तिचे हात दुखले होते, पावडर संपली होती, आणि समोर नवऱ्याचा जगातला सगळ्यात महागडा निरुपयोगी भुगा. तिनं चमचाभर काढला, पातेल्यात टाकला आणि जोर लावला. पातेलं असं निघालं की तिला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. "अहो, तुमची बिस्किटं कामाची आहेत!" ती ओरडली आणि आणखी एक चमचा घ्यायला वळली. या वेळी चमच्याला टणकन काहीतरी लागलं.

पितळेचा गोल बिल्ला होता. त्यावर विद्युतदाहिनीचा शिक्का आणि एक क्रमांक.

चष्मेवाला ओल्या हातांनी आला आणि त्यानं शिक्का वाचला.

"मी कुणाला तरी घासलं," बायको म्हणाली.

चष्मेवाला बेसिनकडे धावला आणि चुळा भरायला लागला.

"मी निदान नुसतं घासलं," बायको मागून म्हणाली. "तुम्ही तर चाखलंत."

चुळा भरून झाल्यावर त्यानं विकणाऱ्याला फोन लावला. विकणारा घरं रिकामी करून देणारा कंत्राटदार होता. मागे कुणीतरी कपाटं आपटत होतं.

"अहो, तुमच्या डब्यात माणूस निघाला!"

"साहेब, लिहिलं होतं. माल जसा आहे तसा."

"पण माणूस आहे आत!"

"मग तोही जसा आहे तसा. परत घेत नाही आम्ही. फुटका निघाला तरी घेत नाही."

"फुटका? पार भुगा झालाय त्याचा!"

पलीकडे कपाटांचा आवाज थांबला. कंत्राटदार जरा नरमला. "थांबा. त्या घरच्या म्हाताऱ्या बाई मला सारख्या फोन करत होत्या. डबा कुणी घेतला, कुठं राहतो. मी ठणकावून सांगितलं, बाई, गिऱ्हाइकाची माहिती आम्ही मेलो तरी देत नाही. घ्या, त्यांचा नंबर लिहून घ्या."

बाईंनी फोन उचलला, "डबा" एवढा शब्द ऐकला आणि आवाज एकदम खाली आणला. "घरी येऊ नका. मुलगा आहे. तुमचं दुकान कसलं? चष्म्याचं? वा, मग मी डोळे दाखवायला येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. किडकिडीत, ताठ, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि नाकावर इतका जुना चष्मा की चष्मेवाल्याला तो जमवायचा मोह झाला. बायको खास क्लास बुडवून हजर होती. डबा काउंटरवर ठेवलेला होता. बाईंनी झाकणावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काय हो, किती भाव खाल्लात! जन्मात कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला."

मग त्या खुर्चीत बसल्या आणि सगळं सांगितलं. आतले गृहस्थ त्यांचे यजमान. फुटबॉलचे पंच. उभी हयात शिट्टी फुंकण्यात गेली, त्यामुळे गावगन्ना सगळे बाईंना पंचीणबाई म्हणत. पंचांची शेवटची इच्छा एकच होती. क्लबच्या मैदानात मधोमध आपली राख टाकावी. पण त्याच क्लबचा त्यांनी एका अंतिम सामन्यात ऑफसाइड म्हणून गोल नाकारला होता आणि क्लब हरला होता. तेव्हापासून मैदानाच्या फाटकातही त्यांना कुणी उभं करत नसे.

"मी गेले होते हो डबा घेऊन," पंचीणबाई म्हणाल्या. "फाटकावर राखणदार उभा. म्हणाला, बाई, डब्यात काय? मी म्हटलं, बिस्किटं. तर मेला म्हणतो, द्या की एक. काय देणार? आले परत. मुलाला सांगितलं, टाकून आले. तो भारी शिस्तीचा, बँकेत मॅनेजर आहे. खरं सांगितलं असतं तर मलाच नोटीस काढली असती. डबा ठेवून दिला कपाटावर. मग मुलाकडे राहायला जायचं ठरलं, घर रिकामं करायला माणसं आली, आणि मी ह्यांना विसरले."

"विसरलात?" चष्मेवाल्याची बायको म्हणाली.

"अहो, सामने संपले की हे मला मैदानावर विसरून घरी यायचे. चांगलं तीन-चारदा. मी एकदा विसरले तर काय झालं?"

हे सांगताना त्या हसत होत्या, पण हात डब्यावरून काढला नव्हता. रुमाल शोधायचा म्हणून त्यांनी पिशवीत डोकं घातलं आणि जरा जास्तच वेळ आत ठेवलं.

मग एकदा नातीनं सहज फोनवर लिलाव दाखवला, आजी, हा आपला डबा ना? पंचीणबाईंनी नातीकडून खातं काढून घेतलं, नाव लावलं शिट्टी, आणि स्वतःच्या नवऱ्यावर बोली लावायला बसल्या.

चष्मेवाला काउंटरवरून पुढे वाकला. "म्हणजे तो गुबगुबीत... म्हणजे तुम्ही होतात?"

"मीच. आणि तुम्ही काय हट्टाला पेटला होतात हो! मी मनात म्हणत होते, ह्यांना इतकी किंमत देऊन नेणारा हा मेला आहे तरी कोण?"

"मग थांबलात का?"

"थांबले कुठं! शेवटी फोननं विचारलं, नक्की का? हो की नाही? या चष्म्यातून मला दोन्ही सारखंच दिसतं. दाबलं, ते 'नाही' निघालं."

चष्मेवाल्यानं मुकाट्यानं तपासणीची फ्रेम उचलली आणि त्यांच्या नाकावर चढवली. या वेळी त्यानं काचा खरोखर बदलल्या.

नंबर काढून झाल्यावर बायकोनं खाकरून घेतलं. ती लपवाछपवी करणारी नव्हती. "मावशी, एक सांगायचं राहिलं. मला माहीत नव्हतं हो. मी त्यांच्यातला एक चमचा घेऊन करपलेलं पातेलं घासलं."

चष्मेवाल्यानं डोळे मिटून घेतले. मग एक विचित्र आवाज यायला लागला. पंचीणबाई हसत होत्या. फ्रेम नाकावर उड्या मारत होती.

"निघालं का?"

"लख्ख."

"चाळीस वर्षांच्या संसारात एका भांड्याला हात लावला नाही हो त्यांनी!" त्यांनी डोळे पुसले. "एका बशीलासुद्धा नाही!"

"आणि ह्यांनी तर बोटानं चाखून पाहिले," बायकोनं नवऱ्यालाही वाटेकरी केलं.

"अगं, काय हे!" चष्मेवाला लाजून लाल झाला.

"कसे लागले?" पंचीणबाईंनी विचारलं.

"अळणी," तो खाली मान घालून म्हणाला.

"बरोबर. तसेच होते."

आता प्रश्न डब्याचा होता. चष्मेवाला रात्रभर तळमळला होता. राख परत द्यायची यात वाद नव्हता, पण बिनडोक खलाशी? त्यानं गाठीचा पैसा सोडावा तसा ओठ चावून शब्द सोडला. "डबाही तुमचाच, मावशी. न्या." बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. लग्नाच्या दिवसानंतर तिनं त्याच्याकडे असं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"रिकामा डबा घेऊन मी काय त्यात बटणं ठेवू?" पंचीणबाई म्हणाल्या. "बोली तुम्ही जिंकलात. पंचाच्या बायकोला निकाल मान्य करावा लागतो. तुम्ही मला फक्त मैदानात पोचवा."

बायको उठली आणि गाडीच्या किल्ल्या उचलल्या. "आत्ताच चला. क्लासची गाडी आहे. टपावर 'शिकाऊ' लिहिलंय, लोक आपसूक बाजूला होतात."

मैदान मोकळं होतं. उन्हं कलली होती. राखणदार एकटाच चाकाच्या यंत्रानं चुन्याच्या रेषा आखत होता. पाय जरा ओढत चालणारा, साठीच्या पुढचा, गळ्यात क्लबचा विटका मफलर. तिघं डबा घेऊन आत शिरले तसं त्यानं यंत्र थांबवलं.

"पुन्हा बिस्किटं?" तो म्हणाला.

पंचीणबाईंनी या वेळी थाप मारली नाही. डब्यात कोण आहे ते सरळ सांगितलं. राखणदाराचा चेहरा चुन्यापेक्षा पांढरा झाला, मग लाल झाला.

"तो? त्याला इथं? अहो बाई, तो गोल मी मारला होता! मी! या पायानं!" त्यानं ओढता पाय पुढे केला. "वीस यार्डावरून. गोलकीपर बघत राहिला. आणि तुमच्या नवऱ्यानं हात वर केला. ऑफसाइड! माझी बायको तेव्हा मैदानात होती. माझं लग्न त्या गोलवर ठरायचं होतं!"

"ठरलं ना?" चष्मेवाल्याची बायको म्हणाली.

"ठरलं, पण सासरा जन्मभर मला 'ऑफसाइड' म्हणून हाक मारायचा."

चष्मेवाल्याला वाटलं, संपलं. आता हा यंत्र अंगावर घालणार. तो डबा छातीशी धरून दोन पावलं मागं सरकला. पण पंचीणबाई पुढे झाल्या. राखणदाराच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जायच्या आधी ते मला एक बोलून गेले. दवाखान्यात. माझा हात धरून म्हणाले, तो गोल होता बहुतेक. माझी चूक झाली."

राखणदार यंत्राच्या दांड्याला टेकला. "असं म्हणाला?"

"असंच म्हणाले."

"गोल होता?"

"होता म्हणाले."

त्यानं मफलरनं नाक पुसलं. पलीकडच्या गोलपोस्टकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "मधोमध नको. मधोमध नाणं उडवतात, तिथं मान असतो. इतका मान मी नाही देणार. पेनल्टीच्या ठिपक्यावर टाका. तिथं दर सामन्याला लाथ बसते."

"चालेल," पंचीणबाई म्हणाल्या. "त्यांना सवय आहे."

राखणदारानं बुटाच्या टाचेनं ठिपक्याची माती मोकळी केली. चष्मेवाल्यानं डबा तिरपा धरला. राख सावकाश उतरली. थोडी वाऱ्यानं उडून राखणदाराच्या पँटवर बसली. त्यानं ती झटकायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. पंचीणबाई वाकल्या, माती सारखी केली, आणि "आता पळू नका उगाच," एवढंच म्हणाल्या. मग राखणदारानं वरून चुन्याचा ठिपका काढला. गोल, ठसठशीत. फाटकापर्यंत तो त्यांना सोडायला आला.

तिघं गाडीत बसले, चष्मेवाला पुढे बायकोशेजारी. पंचीणबाई मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा चष्मेवाल्याची बायको आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मावशी, शेवटी चूक कबूल केली म्हणजे मनानं मोठेच होते तुमचे यजमान."

"छे हो!" पंचीणबाई म्हणाल्या. "शेवटच्या श्वासापर्यंत ऑफसाइड, ऑफसाइड करत गेले. दवाखान्यात नर्सला औषधाच्या बाटल्या मांडून दाखवत होते, कोण कुठं उभा होता ते."

बायकोला असं हसू फुटलं की तिचा पाय ब्रेकवरून सुटला आणि गाडी पुढे घरंगळली. जन्मात पहिल्यांदा चष्मेवाल्यानं शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक दाबला.

पण थाप कुठं एका मैदानात मावते? राखणदारानं ती त्याच संध्याकाळी क्लबच्या चहाच्या टेबलावर नेली. तिथून ती जुन्या खेळाडूंकडे गेली. म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले म्हणे. क्लबच्या हॉलमध्ये जुन्या निकालांचा फळा होता, त्यावर त्या अंतिम सामन्याचा आकडा खोडून नवा लिहायचं ठरलं, आणि समारंभाला प्रमुख पाहुण्या म्हणून पंचीणबाईंना बोलावणं आलं. आमंत्रण थेट मुलाच्या बँकेत गेलं. बापाचा एवढा सत्कार म्हटल्यावर मुलानं नवा कोट शिवला. राख मैदानात पडल्याचं त्याला आईनं आधीच सांगितलेलं होतं, आणि आता ते खरंही होतं, त्यामुळे त्या बाजूनं काही अडचण आली नाही.

समारंभाला चष्मेवाला आणि त्याची बायकोही गेले. पंचीणबाई व्यासपीठावर नव्या चष्म्यात ताठ बसल्या होत्या. राखणदारानं फळ्यावरचा कागद ओढला, टाळ्यांचा कडकडाट झाला, मुलानं रुमाल डोळ्यांना लावला. पंचीणबाईंनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. खाली उतरल्यावर चष्मेवाल्याच्या बायकोचा दंड धरून त्यांनी तिला कोपऱ्यात ओढलं.

"हे जर ह्यांना ऐकू गेलं असतं ना," त्या तिच्या कानात म्हणाल्या, "तर मला उभ्या उभ्या घटस्फोट दिला असता." आणि ताटातला केक संपवून, आणखी एक तुकडा घ्यायला त्या टेबलाकडे गेल्या.